घुस्याशेठचा चेहरा

भिवंडीतल्या टेमघरच्या पंढरी भोईर यांना आपण टेमघरला राहतो हे सिद्ध करायचं होतं. ते जन्मापासून टेमघरलाच राहत होते. पण तो काही पुरावा नव्हे, ती सवय झाली, असं दाखल्याच्या खिडकीवरच्या बाईंचं मत पडलं.

रहिवासी दाखला हवा होता मुलीसाठी. निशाला दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले होते आणि तंत्रनिकेतनाच्या यादीत नावही लागलं होतं. दाखला जोडायची शेवटची तारीख होती पंधरा जुलै दोन हजार सहा. पंढरी अनुभवी असल्यामुळे त्यांनी निकालाची वाट न बघता जानेवारीपासूनच रांग धरली होती. पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत कान दिसत नव्हते. दुसऱ्या फोटोत कान दिसत होते, पण मग हा माणूस पहिल्या अर्जातल्या माणसासारखा दिसेना. तिसऱ्या खेपेला कानांसकट सगळं जुळलं, तर साहेब साइटवर गेलेले. तेव्हापासून पंढरींच्या शर्टाच्या खिशात कायम सोळा पासपोर्ट फोटो असत.

पंढरी लूमच्या कारखान्यात मुकादम होते. आयुष्यात त्यांनी एकदाही रांग मोडली नव्हती. शेअर रिक्षात चौथा म्हणून ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं, की ते खाली उतरत आणि पुढच्या रिक्षात तिसरे होत. त्यांची बायको गोदू याला स्वभाव म्हणत नसे, ती याला आजार म्हणे.

याच सुमारास टेमघर परिसर नागरी शिस्त संवर्धन समितीच्या असं लक्षात आलं, की धामणकर नाक्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरांत मुलं दिवसभर माणसं मारतात आणि त्यातून त्यांच्यावर नागरिकशास्त्राचे कोणतेही संस्कार होत नाहीत. अध्यक्ष बाळारामशेठ यांनी ठराव मांडला, की समितीने स्वतःचा संस्कारक्षम गेम काढावा. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण चहा मतदानानंतर होता.

गेम बनवायचं काम गोदूचा धाकटा भाऊ दीपेश याच्याकडे आलं. दीपेशचा कॉम्प्युटर क्लास होता. गेमचं नाव ठरलं 'शिस्तवीर'. शिस्तवीर हा नायक. त्याने रांगेत उभं राहून दाखला मिळवायचा, एवढंच. त्याचा शत्रू घुस्याशेठ. हा बाजूने येणार, "जरा सरका, आत आपलाच माणूस हाय," म्हणणार आणि थेट खिडकीत हात घालणार.

शिस्तवीराला बाळारामशेठनी स्वतःचा चेहरा दिला. घुस्याशेठला चेहरा द्यायला अख्ख्या समितीत कोणी तयार होईना.

"दाजी, एक फोटो द्या ना," दीपेश पंढरींना म्हणाला. "खलनायकाकडं कोण बगतो?"

मेव्हण्याला नाही म्हणायची रीत नसल्याने पंढरींनी खिशातून एक फोटो काढून दिला. "कान दिसतायत," ते म्हणाले. "चालेल ना?"

दीपेश हा प्रामाणिक कारागीर होता, आणि इथेच घोटाळा झाला. खिडकी खरीखुरी वाटावी म्हणून तो तीन दिवस दाखल्याच्या ऑफिसात वही घेऊन बसला आणि जे दिसलं ते जसंच्या तसं गेममध्ये घातलं. शिस्तवीर सहावा असला की बाईंचा डबा उघडे. चौथा झाला की साहेब साइटवर जात. दुसरा झाला की लाइट जाई. आणि भिवंडीत ती गेममधली गेली की खरी, हे कळायलाही पाच मिनिटं लागत. पहिला झाला, की पडद्यावर अक्षरं येत: 'उद्या या.'

पहिल्या आठवड्यात चारशे मुलांनी शिस्तवीर खेळून पाहिला. एकालाही दाखला मिळाला नाही. सगळ्यात चिवट निघाला कारिवलीचा एक सातवीतला मुलगा. तो पावणेचार तास खिडकीसमोर उभा राहिला आणि घरी जाऊन आईला म्हणाला, मला शाळा सोडायची आहे. घुस्याशेठ मात्र दर दीड मिनिटाला येई, सरका म्हणे आणि दाखला फडकवत निघून जाई.

"अंकल, ये कान वाला कैसे बनने का?" मुलांनी पार्लरवाल्या भाविकला विचारलं.

भाविकने दुसरी जॉयस्टिक लावून पाहिली. तिने घुस्याशेठ चालत होता.

त्यानंतर पहिली जॉयस्टिक कोणी हातात धरली नाही. मुलांचं एक सोडा, लूमची शिफ्ट सुटली की कामगार, रिक्षावाले, दोन वकील आणि एक निवृत्त मुख्याध्यापक पार्लरात नंबर लावू लागले. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की घुस्याशेठ हा वाईट नाहीच मुळी. व्यवस्थेने त्याच्यावर ही वेळ आणली आहे, आणि शिवाय तो 'जरा' म्हणतो. न्हाव्यांकडे कान दिसतील असे केस कापून घ्यायला गर्दी झाली. नाक्यावर बॅनर लागला: 'अडल्यानडल्यांचा कैवारी घुस्याशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांचे तेवीस फोटो होते. वाढदिवस कोणी कशावरून काढला, ते समजलं नाही.

पंढरींना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते रांगेत होते.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी ते एकतिसावे उभे असताना पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, घुस्याशेठ! आप लाइन में? क्या मजाक है!"

"मी पंढरी भोईर," पंढरी म्हणाले. "माझा एकतिसावा नंबर आहे."

"बगा, कसा साधा ऱ्हातो माणूस," मागून एक आजोबा म्हणाले. "शेठ, तुमी जा पुढं. तुमी असं उभं ऱ्हायलात तर आमी कोणाकडं बगायचं?"

पंढरी हलले नाहीत. लोकांना वाटलं, शेठ काहीतरी मोठा डाव टाकतायत. मग आपणही त्यांच्या पाठीला लागून आत शिरावं, म्हणून माणसं मूळ रांग सोडून पंढरींच्या मागे येऊन उभी राहिली. तासाभरात ऑफिसच्या आवारात दोन रांगा झाल्या: एक रांगेत असलेल्यांची आणि दुसरी घुसू इच्छिणाऱ्यांची. दुसरीत जास्त शिस्त होती. तिथे नंबराचे कागद वाटले जात होते आणि एक जण मध्ये शिरू लागला तेव्हा त्याला मार पडला.

ऑफिसने बदलत्या काळाची दखल घेतली. आठवड्याच्या आत नवीन फलक लागला: 'रांगेत न येणाऱ्या नागरिकांच्या सोयीसाठी खिडकी क्रमांक दोन. कृपया रांगेत यावे.' सोबत नमुना अर्ज होता. त्यात नाव, पत्ता आणि 'आपण कोणाचे माणूस आहात' असा रकाना होता. 'कोणाचाही नाही' असं लिहिणाऱ्यांचे अर्ज अपूर्ण माहितीमुळे परत जात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळी माणसं दोन नंबरला गेली आणि एक नंबरची रांग संपली. पंढरींना भरून आलं. सहा महिन्यांनी ते पहिले होते. ते पुढे झाले, तर खिडकी बंद. बाई दोन नंबरवर बसल्या होत्या.

"एक नंबर का बंद?" पंढरींनी विचारलं.

"रांग नाही म्हणून."

"मी आहे ना."

"एका माणसाची रांग होत नाही हो शेठ," बाई म्हणाल्या. त्या आता त्यांना शेठच म्हणत. "निदान तीन माणसं पाहिजेत. आणि तुम्ही काय एक नंबरला उभे राहता? इकडे या, दोन मिनिटांत देते. माझा मुलगा तुमच्यासारखे केस कापतो."

दुसऱ्या दिवशी पंढरी गोदूला आणि निशाला घेऊन आले आणि तिघं एकामागे एक उभे राहिले. बाईंनी नियम पाहिला. कुटुंब एक धरतात.

त्या संध्याकाळी गोदू बोलली. ती चुलीवरच्या भाकरीसारखी उलटून पालटून बोलत असे.

"देवानं थोबाड दिलंय, ते वापरा की! भावाला फुकट दिलंत, पोरीला द्यायला काय झालं? दोन नंबरला जायचं, सरका म्हणायचं, यायचं. एवढंच ना?"

"पण ते बरोबर न्हाय."

"बरोबर!" गोदूने भाकरी आपटली. "निशा, विचार गं बाबांना, तुला डिप्लोमा पाह्यजे का बरोबर पाह्यजे?"

निशा वहीला कव्हर घालत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमत नसेल तर मी बोलते. 'जरा सरका' एवढंच आहे. मला पाठ आहे."

मुलीला हे पाठ असावं, याने पंढरी रात्रभर जागे राहिले. पण चौदा तारखेला त्यांनी ठरवलं: उद्या जायचं. एकदाच. आरशासमोर उभं राहून त्यांनी 'जरा सरका' म्हणून पाहिलं. पहिल्या सात वेळा तोंडातून 'माफ करा' निघालं. आठव्यांदा जमलं.

इकडे बाळारामशेठ दुखावले गेले होते.

"नातू माझ्या मांडीवर बसतो न् घुस्याशेठ खेळतो," ते दीपेशला म्हणाले. "माझं थोबाड बगून पोरं जांभया देतात. हळदीला गेलो तर विचारतात, तुमी पंढरीशेठच्या ओळखीचे कं? म्हणं ओळखीचे! अध्यक्ष हाय मी!"

"शेठ, पण तुमी नायक हाव."

"नायक तुझ्या दाजीला कर. माझा चेहरा घुस्याशेठला लाव. लोकांची मागणी हाय."

"कोणत्या लोकांची?"

"माझी."

क्लास बाळारामशेठच्या गाळ्यात असल्याने हा युक्तिवाद बिनतोड होता. चौदा तारखेच्या संध्याकाळी दीपेशने चेहरे बदलले. रात्री पार्लरं बंद होईपर्यंत नाक्यावर सगळ्यांनी नवीन घुस्याशेठ खेळून पाहिला. कोणाचीही तक्रार आली नाही. सरका म्हणणारा सरका म्हणत होता. वरचं थोबाड कोणाचं, हा प्रश्न गौण होता. सकाळी बॅनरवरही बाळारामशेठ होते. शुभेच्छुक तेच तेवीस.

पंधरा तारखेला पंढरी पहिल्यांदाच वेळेवर निघाले नाहीत. घुसणाऱ्याने उशिरा जायचं असतं, असं गोदूने सांगितलं होतं. अकरा वाजता ते दोन नंबरच्या खिडकीशी पोहोचले. पुढे दोनशे माणसं होती. पंढरींनी छाती भरून श्वास घेतला, बाजूने पुढे झाले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "जरा सरका. आत आपलाच माणूस आहे."

दोनशे माना वळल्या.

"शिस्तवीर?" कोणीतरी म्हणालं. "तुमी?"

"अहो, तुमच्याकडं बगून आमची पोरं शिकतात," जूनच्या रांगेतले तेच आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "आमी घुसतो, आमचं सोडा. आमी सामान्य माणसं. पण तुमीच घुसायला लागलात तर या देशाचं कसं व्हायचं?"

"मुलीचं ॲडमिशन आहे. आज शेवटची तारीख—"

"भाईसाब, आप तो आदर्श हो!" मागून आवाज आला. "आदर्श की जगा पीछे होती है!"

दोनशे माणसांनी अत्यंत आदराने पंढरींना हातोहात मागे नेलं. कोणी धक्का मारला नाही. एकाने त्यांची निसटलेली चप्पल आणून पायाशी ठेवली आणि नमस्कार केला. रांगेच्या टोकाला त्यांना उभं करण्यात आलं. साडेपाचला खिडकी बंद झाली तेव्हा ते एकशे चौदावे होते.

तंत्रनिकेतनाने मुदत दोन दिवस वाढवली, कारण अर्ध्या मुलांचे दाखले आले नव्हते. मधला रविवार होता. त्या रविवारी समितीने पंढरींचा सत्कार ठेवला. सभागृहात पंख्याखाली तीनशे माणसं होती. सात महिने एकाच रांगेत उभे राहिल्याबद्दल त्यांना शाल, श्रीफळ आणि 'टेमघरचे आदर्श नागरिक' असं सहीशिक्क्याचं मानपत्र मिळालं. यासाठी अर्ज करावा लागला नव्हता. प्रमुख पाहुण्या म्हणून खिडकीवरच्या बाई आल्या होत्या. गोदू मानपत्र घेऊन थेट त्यांच्यापुढे गेली.

"बाई, यावर टेमघर लिवलंय. सही हाय, शिक्का हाय. आता तरी दाखला द्याल ना?"

बाईंनी मानपत्र नीट वाचलं. "हे आदर्श नागरिक असल्याचं आहे," त्या म्हणाल्या. "टेमघरला राहत असल्याचं नाही. आदर्श माणूस टेमघरला राहतो, अशी आमच्याकडे नोंद नाही. उद्या या."

नंतर अल्पोपाहार होता. सत्कारमूर्तींची मुलगी म्हणून प्लेटा द्यायला निशाला उभं केलं होतं. सुरुवातीला रांग होती; बटाटेवडे दिसेपर्यंत होती. तुम्हीही आला होतात. टाळ्या तुम्हीच सगळ्यात जोरात वाजवल्या होत्या. "असा माणूस आजकाल मिळत नाही," असं शेजारच्याला सांगत तुम्ही बाजूच्या दाराने टेबलापर्यंत पोहोचलात, निशाने दिलेली प्लेट डाव्या हातात घेतलीत आणि उजवा हात पुन्हा पुढे केलात.

"काका, प्रत्येकाला एकच आहे," निशा म्हणाली.

"अगं, माझा माणूस येतोय मागून."

निशाने तुमच्या मागे पाहिलं. तुमच्या मागे शाल आणि नारळ सांभाळत पंढरी उभे होते, रांगेत, एकटेच.

"हे नव्हेत," तुम्ही म्हणालात.