डोंगराचं माप

ज्ञानचंदनं कॅमेरा घेतला तो केवळ मेहुण्याचं तोंड बंद करायला. (कॅमेऱ्यानं कुणाचं तोंड बंद झाल्याचं ऐकिवात नाही, पण हे त्याला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.)

मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ कस्तुरचंद, राहणार जऊळका. हा गृहस्थ चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात काश्मीरला जाऊन आला आणि बर्फाच्या डोंगराचा हातभर लांब फोटो त्यानं आपल्या दुकानात टांगला. पावशेर साखर न्यायला आलेल्या माणसालाही तो आधी डोंगर दाखवी आणि मग साखर. ज्ञानचंदचं मालेगावात कापडाचं दुकान होतं. (आपलं वऱ्हाडातलं मालेगाव, नाशकाकडचं नव्हे.) एकदा सासुरवाडीला जेवायला गेला असताना, काश्मीरचं वर्णन तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा त्याला राहवलं नाही.

"डोंगराचं काय घेऊन बसले? आमच्या किन्हीराजापाशीबी हाय डोंगर."

कस्तुरचंदनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. याला फार वेळ लागला नाही, कारण ज्ञानचंदची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी होती.

"असन ना, जवाईबापू. तुमच्या मानानं तं डोंगरच तो."

सगळी पंगत हसली. राजमतीनं, म्हणजे ज्ञानचंदच्या खुद्द बायकोनं, तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलताना त्याला दिसले. ते त्याला फार लागलं. तिथंच, हातात पुरणपोळीचा घास असताना, त्यानं जाहीर केलं की भाऊबीजेला कस्तुरचंद मालेगावला येईल तेव्हा दुकानात असा डोंगर टांगलेला असेल, की हा काश्मीरचं नाव काढणार नाही.

पहिला रोल त्यानं एकट्यानं जाऊन संपवला. बारा फोटो, बाराही डोंगराचे. बसस्टँडजवळच्या स्टुडिओवाल्या सैफुद्दीननं ते धुऊन समोर ठेवले आणि अदबीनं विचारलं, "शेठ, एका उकिरड्याचे बारा बारा फोटो कायले काढले?"

"उकिरडा? अरे, किन्हीराजाचा डोंगर हाय तो!"

"असन. पन फोटोले कसं समजन? तिथं एक माणूस उभा करा. माणूस म्हंजे माप. माप जेवढं लहान दिसन, डोंगर तेवढा मोठा दिसन. सीधी बात हाय."

कापडवाल्याला माप काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. ज्ञानचंद घरी आला तो खुशीतच, आणि राजमतीला म्हणाला, "उद्या चाल माह्यासंगं. तुहा फोटो काढतो."

सगळा घोळ त्या 'तुहा' शब्दात झाला.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि राजमतीचा फोटो घरात एकच होता, लग्नातला. त्यातही ती पूर्ण घुंघटात असल्यामुळं ती तीच होती याला पुरावा नव्हता. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली जरीची साडी काढली, सगळे दागिने चढवले, केसांना तेल लावून विंचरून पुन्हा विंचरले आणि वर अत्तर लावलं. (अत्तर फोटोत येत नाही हे सांगायची ज्ञानचंदची छाती झाली नाही.) यात सकाळची एस.टी. गेली.

किन्हीराजाच्या माळावर पोचल्यावर ज्ञानचंदनं तिला लांब पिटाळलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"मागं सरक. अजून मागं!"

"अजून किती? आता जऊळकं येते!"

ती सरके. तो एक डोळा मिटून नेम धरी. तेवढ्यात ती पदर सावरत वीस पावलं पुढं आलेली असे, कारण एवढ्या लांबून आपलं तोंड काय दिसणार, हा तिचा साधा हिशेब होता. खटका दाबल्यावरच ज्ञानचंदच्या लक्षात येई की डोंगराच्या जागी राजमती आहे. असे अकरा फोटो गेले.

"अवं, जाग्यावर उभी राह्य ना! डोंगर झाकून राह्यली तू!"

"झाकू द्या. फोटो माहा हाय का डोंगराचा?"

खोटं बोलायला थोडा वेळ लागतो. तेवढा त्याच्याकडे नव्हता.

"डोंगराचा. तू माप."

"माप?" राजमती तरातरा चालत त्याच्यापाशी आली. "मी माप? फोटोत केवढी दिसन मी?"

"तुरीच्या दाण्याएवढी."

"सकाळपासून नटली मी ते तुरीचा दाना दिसाले?" तिचे डोळे भरून आले. मग लगेच कोरडे झाले, आणि हे जास्त वाईट होतं. "लहानच माप पाह्यजे ना तुमाले? मंग मले कायले आनलं? तुमीच जा की तिकळे."

एकच फोटो उरला होता आणि भाऊबीज चार दिवसांवर होती. ज्ञानचंदनं तिला खटका दाखवला आणि मुकाट्यानं डोंगराकडे निघाला. तिथं सोमला नावाचा एक माणूस आपली म्हैस चारत होता. फोटो निघतोय म्हटल्यावर सोमला बाजूला झाला. म्हैस झाली नाही. ती आली आणि ज्ञानचंदला खेटून उभी राहिली. "हिले हाकला!" असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि राजमतीनं खटका दाबला.

रोल धुऊन आला. अकरा फोटोंत राजमती सुरेख आली होती आणि डोंगर तिच्या कानामागं कुठंतरी होता. ते अकराही तिनं ट्रंकेत ठेवले आणि नवऱ्याशी बोलायला लागली. पण बारावा! सैफुद्दीन तो हातात घेऊन उभाच राहिला. खाली इवलासा माणूस, शेजारी दांडगी म्हैस, आणि दोघांच्या वर आभाळ अडवून बसलेला डोंगर. ज्ञानचंदनं तो मोठा करून काचेत बसवला. एक लहान प्रत सोमलानं मागून नेली. म्हैस विकायची होती आणि गिऱ्हाईक लांबचं होतं.

भाऊबीजेला कस्तुरचंद आला. दुकानात शिरला आणि फोटोसमोर थबकला. चष्मा पुसून त्यानं पुन्हा पाहिलं.

"हे किन्हीराजा हाय?"

"मंग?" काउंटरच्या मागून ज्ञानचंद म्हणाला.

"मानलं, जवाईबापू. चुकलं माहं. त्या काश्मीरच्या फोटोत एवढी उंची दिसत नाही." आत राजमती ओवाळणीचं ताट लावत होती. ती ऐकून बाहेर आली आणि नवऱ्याकडे कौतुकानं पाहू लागली. सोळा वर्षांत असं तिनं पाहिलं नव्हतं. ज्ञानचंदला आपण चांगले सहा फुटी असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस हातात तोच फोटो घेऊन दुकानात शिरला.

"मी मोहनसिंग, धनजचा. हा फोटो पाहून सोमलाची म्हैस घेतली मी. फोटोत तिची पाठ या मानसाच्या कानाले लागते. घरी आनली तं माह्या छातीलेबी धड लागत नाही! म्हैस बदलली म्हनलं, तं सोमला म्हन्ते, म्हैस तेच हाय, फोटोतला शेठ मालेगावले बसते, जाऊन मोजून घे." त्यानं काउंटरवर हात टेकले आणि आत वाकून पाहिलं. "तुमीच ना ते? जरा उठून उभे राहा बरं, शेठ."

कस्तुरचंद फोटोवरून नजर काढून हळूच इकडं वळला. राजमतीनं तोंडाला पदर लावला.

"उभाच हाय मी," ज्ञानचंद म्हणाला.