लोटा, लावू नका

आमच्या शेजारच्या खैरनारकाकांच्या घराचं दार कधी बंद नसायचं. उघडंही नसायचं म्हणा, लोटलेलं असायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण घराचंच नव्हे. स्वयंपाकघराचं, बाथरूमचं, कपाटाचं, झालंच तर गाडीचंसुद्धा दार हा माणूस लोटूनच ठेवायचा. राहायला आले त्याच दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या आणि बोल्ट स्क्रूसकट उपसून एका डब्यात भरून टाकले होते. रात्री दाराला आतून एक खुर्ची टेकवायचे, बस्स. ती खुर्चीसुद्धा मोडकी.

त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा हात सवयीनं दाराकडे वळला, की काका आतूनच ओरडायचे, "लोटा! लावू नका, लोटा!" देवळाली कॅम्पातला एक उत्तरेकडचा जवान काही दिवस आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं होता. पहिल्यांदाच भेटायला आला आणि दारातच "लोटा, लोटा" ऐकून बिचारा घाबरला. कुणाला तरी भोवळ आली असावी असं समजून तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. काकांनी ते पाणी मुकाट्यानं प्यायलं आणि पुन्हा म्हणाले, "बरं झालं. आता दार लोटा."

मी स्वतः मूळची भित्री. शाळेत भूगोल शिकवते, भूकंप शिकवायचा म्हटलं तरी आधी वर्गाच्या छताकडे बघून घेते. अशा बाईच्या शेजारी कायम नुसतं लोटलेलं दार! त्या वर्षी जेल रोडला चोरांची आवई उठली होती. लोक दाराला दोन-दोन कुलपं लावत होते आणि आमचे काका खुर्ची टेकवून घोरत होते. "अहो काका, निदान एक कडी तरी," मी काकुळतीनं म्हणायची. ते म्हणायचे, "मॅडम, चोराला निदान बाहेर जाता येतं. आत अडकलेल्यानं काय करायचं? मला नाही सहन होत बंद दार. धाप लागते." आणि एवढ्या मोठ्या मिशीचा माणूस खरोखरच छातीवर हात ठेवायचा. सगळी सोसायटी हसायची. मीही हसायची, आणि मग घरी येऊन आमच्या दाराचा बोल्ट पुन्हा एकदा तपासायची.

त्यांची आणखी एक खोड होती. रोज सकाळी बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि पेपर वाचायचे. मनात नव्हे, ओरडून. त्यात बातम्या आल्या, निधनवार्ता आल्या, लासलगावचे कांद्याचे भावसुद्धा आले. मी इकडे पोळ्या लाटता लाटता निफाड तालुक्यातली द्राक्षं, हवामान, सगळं ऐकून तयार व्हायची. आत काकूंची आंघोळ चाललेली असायची. शाळेत आम्ही शिक्षिका पोट धरधरून हसायचो, की बायको पेपर वाचत नाही म्हणून नवऱ्यानं तिला आंघोळीत गाठलं.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण घाबरले की अहिराणी बाहेर पडायची. काकू तर घरात अहिराणीच बोलायच्या आणि बाहेर काहीच बोलायच्या नाहीत. गोऱ्या, गुटगुटीत, हसऱ्या बाई. नवऱ्याच्या या विक्षिप्तपणावर कुणी काही बोललं की खाली मान घालून पदराशी चाळा करत बसायच्या. मला वाटायचं, बिचारीला लाज वाटते.

आता गाडी. काकांनी कुणाची तरी जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिचं मागचं डावं दार आधीच्या मालकानं कुठेतरी चेपून घेतलेलं, ते उघडतच नव्हतं. दर रविवारी काका तेलाची पिचकारी आणि हातोडी घेऊन त्या दाराशी झटायचे. गॅरेजवाले म्हणायचे, दारच बदला, आणि या मॉडेलचं दार काही मिळत नाही. मग काकांनी काय करावं? मागचं उजवं दार कधी पूर्ण लावायचंच नाही असं ठरवून टाकलं. गाडीचं दार तर लोटून राहत नाही. म्हणून काकूंच्या परकराची एक जुनी नाडी दाराच्या आतल्या मुठीला बांधली आणि तिचं दुसरं टोक पुढच्या सीटला. दार बोटभर उघडं ठेवून ही गाडी नाशिकभर फिरायची. मागून येणारे स्कूटरवाले ओरडायचे, "ओ काका, दार!" काका हात हलवायचे, "माहीत आहे, माहीत आहे!" मी त्या गाडीत बसले की देवाचं नाव घ्यायची.

तर त्या उन्हाळ्यात काकू घराच्या पायरीवरून घसरल्या. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. दवाखान्यात न्यायचं तर मागच्या सीटवर पाय लांब करून बसवायला लागायचं. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. तिथे एक्स-रे काढणारा म्हणाला, "दार लावल्याशिवाय फोटो काढता येत नाही." काका म्हणाले, "मग मलाही आत घ्या. मी बाहेर एकटा राहिलो तर मला धाप लागते." तो हसला, मग वैतागला, शेवटी काकांना तो जाडजूड एप्रन घालून आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसून मेल्याहून मेल्यासारखी झाले. म्हटलं, काय हा माणूस! बायकोचा पाय मोडलाय आणि याला आपलीच पडलीय.

परत निघालो तेव्हा टळटळीत ऊन होतं. मी आणि काकांनी काकूंना उजव्या दारानं आत सरकवलं. त्यासाठी नाडी सोडली होती. पलीकडच्या पुढच्या दारातून त्यांना आत ओढून घेऊन काका वळसा घालून नाडी पुन्हा बांधायला येतच होते, तेवढ्यात दवाखान्याचा वॉचमन मदतीला धावला. भला माणूस. दार अर्धवट दिसलं म्हणून त्यानं हात लावला. काका गाडीच्या पलीकडून जिवाच्या आकांतानं ओरडले, "लोटा! लोटा!"

त्यानं लोटलं. दोन्ही हात लावून, अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून लोटलं.

धाडकन आवाज झाला. कित्येक वर्षांत त्या दाराचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. नाडीचं एक टोक बाहेर लोंबत होतं, बाकीची आत कुलपात गच्च अडकली होती. वॉचमन खूश होऊन म्हणाला, "बसलं बघा आता फिट."

काकांनी मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली, आणि मूठच हातात आली. मी आत पाहिलं. काकू काचेवर तळवे घासत होत्या. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, आणि श्वास असा, की आत जातोय पण बाहेर येत नाहीये. काच खाली करायची मूठ तर केव्हाच तुटलेली. काचेच्या वरच्या फटीतून त्यांचा आवाज आला, लहान मुलीसारखा, "माले कोंडू नका! व माय, माले कोंडू नका!"

पुढची दारं सताड उघडी होती हो! पण प्लास्टरचा तो पाय घेऊन त्या जाणार कुठे? आणि त्यांना पुढची दारं दिसतच नव्हती. त्यांना फक्त ते एक लागलेलं दार दिसत होतं. घाम नुसता धारांनी वाहत होता. बीपीच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्या. मला वाटलं, संपलं, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

माणसं जमली. एक म्हणाला, काच फोडा. वॉचमननं दगडही उचलला. मी किंचाळले, "अरे मेल्या, काच तिच्या तोंडावर उडेल!" समोरच्या गॅरेजमधून डेंटर आला, पोट सुटलेला, हातात पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. वाकून बघितलं आणि म्हणाला, "नाडी लॉक में फँस गई. दाराचा आतला पुठ्ठा काढून आतून नाडी ओढायला लागेल. कोणीतरी आत घुसा, मैं तो नहीं जा सकता." आणि त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

मी काकांकडे पाहिलं. म्हटलं, आता हा दुसरा पेशंट. बंद दाराच्या नुसत्या विचारानं धाप लागणारा माणूस, तो कसला आत जातोय.

काकांनी डेंटरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड घेतली आणि पुढच्या दारानं आत शिरले. सीटवरून पलीकडे झेपावताना त्यांची पँट टर्रकन फाटली. एरवी मी हसून लोळले असते. ते मागे काकूंच्या प्लास्टरपाशी, त्या दोन लागलेल्या दारांच्या मध्ये, गुडघे दुमडून बसले. त्यांना धाप लागली नाही. एका हातानं त्यांनी काकूंचा तळवा काचेवरून काढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

"मी आठेच शे," मी इथेच आहे, असं ते सांगत होते. "मी आठेच शे. भिऊ नको."

काकू ऐकत नव्हत्या. त्या खांदा ओरबाडत होत्या. मग काकांनी आवाज चढवला, अगदी रोज सकाळच्यासारखा, "आज पेपरमा काय शे माहीत शे का? कांदाना भाव उतरना!"

रस्त्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. डेंटर मला म्हणाला, "काका का दिमाग घूम गया क्या?" मला एकदम बाथरूमबाहेरचं स्टूल आठवलं.

काका द्राक्षांवर आले, हवामानावर आले. पुठ्ठा निघाला, एकीकडे टाकला. "कांदाना भाव उतरना," ते पुन्हा म्हणाले, कारण बहुधा पेपर संपला होता. आणि आतून, रडक्या, घोगऱ्या आवाजात काकूंनी विचारलं, "कितला?"

बाई विचारत होती म्हणजे श्वास घेत होती. काका म्हणाले, "निम्मा." त्यांनी पकडीनं नाडी ओढली, आतली पट्टी दाबली, बाहेरून डेंटरनं पाना घालून हिसका दिला आणि दार उघडलं. वॉचमन पुन्हा पुढे धावला. सगळे एका सुरात ओरडलो, "हात लावू नकोस!"

त्या दिवशी संध्याकाळी काकूंना झोप लागल्यावर मी काकांसमोर चहाचा कप ठेवला. दार अर्थातच लोटलेलं होतं. मी विचारलं, "काका, तुम्हाला धाप नाही लागली ती?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "मला कशाची धाप, मॅडम? बॉयलर बंद असला की आम्ही त्याच्या पोटात शिरायचो नळ्या बदलायला. आत जायला परातीएवढं भोक. मी कधीकधी आतच डबा खायचो." मग आतल्या खोलीकडे बघून आवाज बारीक केला. "लहान असताना ही भुशाच्या खोलीत लपून बसली होती. कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेरून कडी लावून घरचे सगळे जत्रेला गेले. तेव्हापासून हे असं आहे."

"मग तुम्ही स्वतःचं नाव का सांगत होतात? सगळी सोसायटी तुम्हाला हसते."

"हसू द्या की. लग्न झाल्यावर नव्या नवरीला आमच्याकडच्या बायका हसल्या होत्या. मुद्दाम बाहेरून कडी घालायच्या, गंमत म्हणून. दोन दिवस जेवली नव्हती ती." त्यांनी चहा बशीत ओतला. "माझ्या बाबतीत कुणी अशी गंमत केली नसती. मला मिशा आहेत."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. काका गडबडून म्हणाले, "मॅडम, तिला सांगू नका हां, तुम्हाला कळलं म्हणून." मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून कुणी त्यांच्या दाराशी दिसलं की मीच माझ्या खिडकीतून ओरडायला लागले, "लोटा! काकांना धाप लागते!"

पुढे गाडी गेली, काका रिटायर झाले, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आणि एका सकाळी पेपर वाचण्याचा आवाजच आला नाही. काकू झोपेतच गेल्या होत्या.

खाली वैकुंठरथ आला. काकूंना आत ठेवलं, काका शेजारी बाकावर बसले. ड्रायव्हरनं मागचं दार लावायला हात घातला तशी मी इतकी जोरात ओरडले, की तो दचकून मागे सरला. "लावू नका! लोटा!"

"बाई, रस्त्यात उघडेल ते," तो म्हणाला. खरं होतं त्याचं. मी धावत घरात गेले, माझ्या परकराची नाडी खसकन ओढून काढली आणि दाराच्या मुठीपासून आतल्या बाकाच्या दांडीपर्यंत गाठ मारून बांधली. सोसायटीतलं कुणीही हसलं नाही. दार बोटभर उघडं राहिलं.

गाडी हलली. त्या फटीतून काकांचा आवाज आला, बाथरूमबाहेर बसून वाचायचे तेवढाच मोठा.

"मी आठेच शे," ते सांगत होते. "भिऊ नको. दार लावेल नई शे."