डचेस डुकरिणीची स्वारी आणि लोवेलसाहेबांचे टोपडे

"लोवेल, गप टोपडं घाल. नाहीतर डचेसचं सॉसेज होईल, आणि पहिला घास मी तुलाच भरवीन."

ऐसे फर्मान जुन्या घराच्या कारभारीण हॅटीबाई यांनी, पाय पलिस्तरात असल्याकारणे, खुर्चीवरूनच सोडिले. प्रसंग का गुदरला ते ऐकावे.

अमेरिकेतील कोलंबस शहराच्या कडेस, बंगल्यांच्या वेढ्यात, आमचा बर्डसॉल मळा अद्याप उभा. जुन्या घरी, पाहुण्यांस दाखविण्याकरिता, पणजीचा जमाना चालतो, बाया झालरीची टोपडी घालून हाताने लोणी काढतात आणि घोडे नांगरास जुंपितात; आणि पलीकडच्या कोठारात लोवेलसाहेबांचा अंमल, तेथे ट्रॅक्टर, ठिबक आणि मोबाइलवर उघडणारी फाटके. शाळेची पोरे दोन्हीकडे शिकतात, आणि दोन्ही सरदार एकमेकांस पाण्यात पाहतात.

मग सोमवारी, मळा बंद आणि बाकी बाया सुटीवर असता, साहेबांचे शहाणे फाटक आपसूक उघडले आणि डचेस डुकरीण, वजनाने तोफेस भारी, रस्ता ओलांडून शेजारीण ट्रुडीबाई यांच्या डेलियाच्या फुलवाफ्यात दाखल जाहली. बाईंनी मागेच बजाविले होते, की पुन्हा डुक्कर आले तर नगरपालिकेस सांगून मळ्यातली डुकरेच उठवीन. बाई बाजारास गेल्या होत्या, तेवढीच काय ती सवड.

साहेब नारिंगी जाकीट घालून चालून गेले आणि शिकस्त खाऊन आले. कारण डचेसच्या लेखी नारिंगी जाकीट म्हणजे लशीची सुई, आणि टोपडे म्हणजे जेवण. दुसरे काही ती जाणत नाही.

मग साहेबांनी टोपडे चढविले, हॅटीबाईंनी दाढीखाली गाठ जरा जास्तच आवळली, आणि बादली वाजवीत स्वारी भर रस्त्याने निघाली. मोटारी थांबल्या, पोस्टमन फोटो काढू लागला, परंतु साहेबांनी मान खाली घातली नाही, हे कबूल केले पाहिजे. डचेसने टोपडे ओळखिले, तोंडातले फूल टाकिले आणि मागोमाग चालू लागली.

इतक्यात ट्रुडीबाईंची मोटार आली. काच उतरली. बाईंनी टोपडे पाहिले, दाढी पाहिली, वाफा पाहिला.

"फिरायला नेतोय, मॅम," साहेब बोलिले. "रोजचंच आहे."

बाई हसता हसता स्टिअरिंगवर पडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "रोजचंच ना? मग रोजच ने. याच टोपड्यात, माझ्या दारावरून. ज्या दिवशी चुकशील, त्या दिवशी तक्रार."

येणेप्रमाणे तह जाहला, डचेस सुखरूप आपल्या गोठ्यात आली, आणि फाटकास जुना लाकडी अडसर बसला, तो साहेबांनीच ठोकिला. फत्ते जाहली, ती मी, मळ्याच्या कारकुनाने, दफ्तरी दाखल केली.

आणखी लिहिले असते. पण आज ट्रुडीबाई नातवंडे घेऊन आपल्या दारात स्वारीची वाट पाहत बसल्या आहेत, साहेब पोटदुखीचे निमित्त करून पडले आहेत, आणि हॅटीबाई टोपडे घेऊन माझ्याच रोखाने लंगडत येत आहेत. मला आता निघायलाच पाहिजे.