राघो तांडेलाचा दोर

राघो तांडेलाच्या दोरावर कोणी धोतर वाळत घातलं, तर ते थोड्याच वेळात शेजारच्या माडाच्या शेंड्यावर फडफडताना दिसे. साठी उलटली तरी हा माणूस माडावर सरसर चढायचा. माझं एक धोतर तिथं दोन दिवस होतं.

"मास्तर, ह्यो दोर कापडांचा न्हाय, म्हातारीचा हाय!" असं वर मलाच ऐकवलं.

म्हातारी म्हणजे आमच्या मांडवीच्या आळीतल्या सगुणाकाकी. दोन्ही डोळे गेलेले, घरात एकट्या. मुलगा मुंबईला गिरणीत. एका वैशाखात, पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आधी, तो आईला न्यायला आला. काकींनी दाराची चौकट धरली. "माज्या घरात मी पेज करून खाईन. तुज्या खोलीत कोनाच्या पायात येऊ?"

"आणि विहिरीवर कोण नेणार तुला?" मुलानं विचारलं.

बोलला तो तांडेल. उभा जन्म मचव्यावर काढलेला, आळीत कोणाशी धड न बोलणारा. "न्यायला कोन कशाला हवा? आठ दिस थांब."

काकींच्या दारापासून त्यानं कमरेइतक्या उंचीवर काथ्याचा दोर बांधत नेला. दुकानाशी एक गाठ, विहिरीशी दोन, देवळाशी तीन. तिथं दोर संपला. "दर्यात कदी चुकलो न्हाय, म्हातारीला आळीत चुकू देईन?"

आठव्या दिवशी काकी एकट्या निघाल्या. अख्खी आळी श्वास रोखून दहा पावलं मागे. काकींनी कळशी भरून आणली आणि मुलाच्या तांब्यात पाणी ओतलं. मुलगा एकटाच बोटीत बसला.

तेव्हापासून आपापल्या दारापुढचा दोर ज्यानं त्यानं सांभाळायचा, असा रिवाजच पडला. लोक पाहुण्यांना आधी किल्ला दाखवतात, आम्ही दोर दाखवायचो. आमच्या आळीचा मला आजही अभिमान वाटतो.

दर शनिवारी तांडेल डोळे मिटून दोर तपासत फिरे. दुसऱ्या कोणी मारलेली गाठ हाताला लागली, की सोडून पुन्हा मारे आणि वर शिव्या देई. आम्ही हसायचो.

एकदा विहिरीवर काकी मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, तांडेल आता डोळे उघडे ठेवून बी तसाच चालतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोराला रोजच वढ लागते ना त्याची. माज्यासारखाच घट्ट धरतो."

मला फार लाज वाटली. आम्ही डोळस माणसं नुसतीच हसत होतो. तांडेलाचं घर देवळाच्या पलीकडे, तिथवर दोर नव्हता. आणि तो मागणारा माणूसही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बंदरावर गेलेला पाहून आम्ही देवळापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत दोर ओढला. शेवटी काकी स्वतः आल्या आणि त्यांनी तिथं चार गाठी मारल्या.

तांडेल दोर धरत देवळापर्यंत आला. हात थांबला नाही, पुढं सरकत राहिला. उंबऱ्याशी त्यानं गाठी चाचपल्या. आम्ही शिव्या खायला तयारच होतो.

"सैल हायत. कोनी मारल्या?"

"मी," काकी म्हणाल्या.

तो उंबऱ्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ देत."

पुढं कित्येक शनिवार त्यानं आळीतली गाठ न् गाठ सोडून पुन्हा आवळली. त्या चार मात्र शेवटपर्यंत सैलच राहिल्या.