न्हाणीघराचं वेळापत्रक

१९७१ सालची गोष्ट. त्या काळी बंदराच्या वसाहतीत घराला एकच न्हाणीघर असे आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नसे. धक्क्याच्या साहेबांकडे मात्र त्या आठवड्यात मेव्हणीच्या लग्नाचे पाहुणे उतरले होते, म्हणून न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटलं होतं.

कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला केव्हा लावायचं, हे साहेब ठरवत. नेमल्या वेळेआधी आलेल्या जहाजाने बाहेर समुद्रात थांबायचं, मग धक्का रिकामा का असेना, हा त्यांचा नवा नियम. त्या दिवशी एका मोठ्या कंपनीचं जहाज पहिल्यांदाच येणार होतं. माल उतरवून ते दुपारच्या भरतीला बाहेर पडलं, तर कंपनी दर आठवड्याला येणार आणि साहेबांना बढती मिळणार. नाही पडलं, तर नियमही जाणार आणि खुर्चीही.

सकाळी न्हाणीघर रिकामंच होतं. पाळी पाहुण्यांतल्या आत्याबाईंची होती आणि आत्याबाई गाढ झोपल्या होत्या. बाकीची मंडळी खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळत होती.

“अहो, त्या उठेपर्यंत तुम्ही तरी उरकून घ्या,” बायको म्हणाली. “आज जहाज आहे ना तुमचं?”

“एकाला सूट दिली की शिस्त मोडते,” साहेब म्हणाले. वेळ वाचावा म्हणून त्यांनी गालांना साबण फासून ठेवला होता आणि इस्त्रीची पँट आतल्या खुंटीवर टांगली होती.

आत्याबाई अंघोळ करून बाहेर आल्या, तोवर पुढच्या सगळ्यांच्या पाळ्या टळून गेल्या होत्या. आता माझीच पाळी, असं जो तो म्हणू लागला. त्या गलक्यात बायकोचे मामा मुकाट्याने आत शिरले. मामांना घरात लंगर म्हणत, कारण ते एकदा बसले की हलत नसत.

“जावईबापू,” बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “कडी निघत नाही हो.”

“जोर लावा, मामा.”

“लावला. मूठ हातात आली.”

सुताराला निरोप गेला. तो येईपर्यंत पँट तरी हाती लागावी म्हणून मामांनी ती झरोक्यातून बाहेर टाकली. ती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पिंपात पडली. दुसऱ्या पँटी लग्नासाठी धुलाईला गेलेल्या. शेवटी साहेबांनी मोरीत तोंड धुतलं, मामांची पँट चढवली आणि डाव्या हाताने ती कमरेशी घट्ट धरून ते निघाले. मनात काळजी होती ती भरतीची. आपल्या हुकुमाशिवाय जहाज आत येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

बंदरावर पोचले तेव्हा भरती पुरती आली होती आणि जहाज तोंड वळवून बाहेर चाललं होतं.

“न उतरवताच गेलं?” त्यांनी नायबांना विचारलं. नायब म्हणजे त्यांच्या हाताखालचे अधिकारी.

“उतरवून गेलं, साहेब. पहाटेच येऊन उभं होतं. थांबवायचा नियम तुमचा, पण विचारायला तुम्हीच नव्हता. धक्का रिकामा दिसला, घेतलं आत.”

साहेब रागावणार, तोच बंदराचे बडे साहेब कंपनीच्या माणसाला घेऊन आले. त्या माणसाने आनंदाने दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी एकच दिला. हा गृहस्थ भलताच करारी दिसतो, असं पाहुण्याला वाटलं.

“इतक्या लवकर मोकळं झालेलं जहाज मी पाहिलं नाही,” बडे साहेब म्हणाले. “कसं साधलंत?”

“नियोजन,” साहेब न अडखळता म्हणाले. नायब समुद्राकडे बघू लागले.

कंपनीचं जहाज पुढे कितीतरी वर्षं दर आठवड्याला येत राहिलं. मामांना सुताराने दार उतरवून बाहेर काढलं. लग्न होऊन गेलं तरी ते महिनाभर हलले नाहीत. आपल्यामुळे काही घडलं, हे आत्याबाईंना कधीच कळलं नाही. साहेबांना बढती मिळाली: समुद्रापासून लांब मुख्य कचेरीत स्वतंत्र खोली, नियम करायचं काम आणि दोन न्हाणीघरांचा बंगला. बायकोने तिथल्या एकाही दारावर काही चिकटवू दिलं नाही. धक्का नायबांकडे आला आणि तिथे जहाजं ताटकळेनाशी झाली.

बडे साहेब निवृत्त झाले, त्या दिवशी नायबांनी धीर करून त्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

“ठाऊक आहे,” बडे साहेब म्हणाले. “मी त्या दिवशी पहाटेपासून धक्क्यावरच होतो. म्हणून तर त्यांना वर पाठवलं.”