भजनी मंडळाच्या अकरा डब्या

गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसालाही डॉ. अमरचंद हल्ली प्लॅस्टिकची छोटी डबी देत. "सकाळच्या संडासचा नमुना यात आणा. डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासू. आतड्याचा कॅन्सर असला तर लवकर सापडतो." पन्नाशी उलटलेला सर्दीवालाही यातून सुटत नसे. त्यामुळे तीर्थपुरीतल्या बऱ्याच सर्द्या घरच्या घरी बऱ्या होऊ लागल्या.

तीस वर्षांत डॉक्टरांनी अशी डबी कुणाला दिली नव्हती. पेशंट लाजायचा, डॉक्टरही लाजायचे आणि बाहेर रांग असायची. मग मच्छिंद्र आतड्याच्या कॅन्सरनं गेला. हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. रोज चार वाजता येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, खिशातले शेंगदाणे खायचा आणि पेशंटांना परस्पर सल्ले द्यायचा. रक्त पडतंय म्हणाला, तेव्हा मूळव्याध समजून डॉक्टरांनी त्याला दोन वर्षं मलम दिलं. आता चार वाजले की त्यांची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे जाई आणि त्यांना फार एकटं वाटे.

मच्छिंद्रचा धाकटा भाऊ कारभारी. सख्ख्या भावाला हा आजार झालेला, म्हणजे पहिली तपासणी त्याचीच व्हायला हवी. पण वर्षभर तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. "भावाला मलम लावत बसवलं, त्या डॉक्टरची डबी मी भरू? न्हाई जमायचं," असं तो गावभर सांगे.

कारभारी भजनी मंडळात पखवाज वाजवी. चारचौघांत तरी नाही म्हणणार नाही, म्हणून डॉक्टरांनी मंडळाच्या बाराही जणांना नावं लिहून डब्या पाठवल्या. अकरा परत आल्या. आली नाही ती कारभारीची. आणि अकराच्या अकरा नमुन्यांत रक्त निघालं.

डॉक्टरांनी लॅबला तीनदा फोन केला. मशीन बरोबर होतं. मग त्यांनी सगळ्यांना दुर्बिणीच्या तपासणीसाठी जालन्याला न्यायला जीप ठरवली. मंडळाचे दिवस भरले, अशी बातमी गावात पसरली. एकाच्या सुनेनं त्याच्याशी धरलेला सात वर्षांचा अबोला सोडला. मधुमेहवाल्या सोमेश्वरला घरच्यांनीच पाव किलो जिलबी आणून खाऊ घातली.

जीप निघताना टाळकरी भुजंगनं विचारलं, "डॉक्टरसाब, ही दुर्बीण घालतेत कुठून?"

डॉक्टरांनी सांगितलं. भुजंग पिशवी घेऊन खाली उतरला.

"मंग खरं सांगतो. आमच्या लोकायचा सकाळचा काई नेम न्हाई. त्यात डबी हातात घेतली की बिलकुलच न्हाई. आमच्यात एकच माणूस घड्याळासारखा. त्याला म्हनलं, बाबा, तेवढं आमचंबी बघ."

"कोण तो?"

सगळे जीपमागे बघू लागले. तिथे कारभारी मंडळाला निरोप द्यायला उभा होता, डोळे पुसत.

"त्याची स्वतःची डबी?"

"फेकून देल्ती. म्हनला, तुमच्यासाठी भरतो, त्या डॉक्टरसाठी न्हाई."

डॉक्टर कारभारीपुढे जाऊन उभे राहिले. "कारभारी, मलमाची चूक माझीच. रोज चार वाजता ती मला आठवते. आता तू तरी राहा बाबा."

कारभारीनं जीपचं दार उघडलं. मग जीपमधून दहा जण उतरले आणि तो एकटा चढला.

जालन्याला कारभारीच्या आतड्यात बारीक गाठ सापडली. अजून कॅन्सर झालेला नव्हता. ती काढून टाकली.

पंधरा दिवसांनी चार वाजता डॉक्टर एकाचा गुडघा तपासत होते. मागे खिडकीजवळची खुर्ची करकरली, मच्छिंद्र बसला की करकरायची तशीच. वळून बघायची डॉक्टरांना हिंमत होईना. शेंगदाणे चावल्याचा आवाज आला.

"गुडघ्याचं ऱ्हाऊ द्या," मागून कारभारी त्या पेशंटला म्हणाला. "आधी डबी घेऊन जा. आन् सोताचीच भरा, मी आता कुणाची भरून देत न्हाई."