लेव्हलराव चंद्राची कक्षा सारखी करतात

गल्लीच्या तोंडाशी एक सलून होतं आणि सलूनवाल्यांना सगळी गल्ली लेव्हलराव म्हणायची. वाकडं म्हणून काही त्यांना बघवायचंच नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं की गिऱ्हाइकाच्या गळ्याला लावलेला वस्तरा तसाच हातात धरून ते आधी कॅलेंडर सरळ करायला जायचे. (गिऱ्हाईक तोवर जिवंत असल्याची खात्री करून घ्यायचं.) त्यांची स्वतःची मिशी तर अशी, की वर फूटपट्टी ठेवावी आणि रेघ मारून घ्यावी.

त्यांची मुलगी कॉलेजात. तिला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा नाद. यान बांधायचं, उडवायचं, कुठल्या तरी चंद्राभोवती फिरवायचं. दुपारी सलून रिकामं असलं की ती आरशाखालच्या फळीवर लॅपटॉप मांडायची आणि बापलेक हिशोबाला बसायची. त्या चंद्रावर हवा नाही, त्यामुळे यान कितीही खालून फिरलं तरी चालतं. फक्त वाटेत डोंगर आडवा यायला नको. डोंगराची उंची बघायची, वर थोडी भर घालायची, की सुरक्षित कक्षा तयार. कान न कापता कानावरून कात्री नेणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय वाटणार?

त्या दिवशी मुलगी क्लासला निघाली तेव्हा तिचं यान चंद्राभोवती फिरत होतं. अख्खी सुट्टी तिनं त्या यानात घातली होती. संध्याकाळी मैत्रिणी येणार होत्या आणि त्यांच्यासमोर ती ते चंद्रावर उतरवणार होती.

"बाबा, चार्जर निघू देऊ नकोस. नुसतं लक्ष ठेव. कशालाही हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय हात?"

"मी तुला ओळखते."

"अगं, निर्धास्त जा!" लेव्हलराव म्हणाले आणि लेकीनं आपल्या हाती यान सोपवलं म्हणून खुर्चीची गादीसुद्धा त्यांनी दोनदा झटकली.

त्या गादीवर येऊन बसला त्यांचा मेहुणा. तो एका बँकेच्या दारावर रखवालदार होता. बंदूक होती, पण गोळ्या साहेबांच्या कपाटात. सगळा दरारा मिशीचा.

"भाऊजी, उद्या मोठे साहेब यायचेत. टोकं जराशी बारीक करा. जराशी, हं!"

लेव्हलरावांनी डावं टोक कापलं आणि सहज पडद्याकडे पाहिलं. यानाच्या वाटेची रेघ चंद्राभोवती काढलेली होती. एका बाजूला ती चंद्राच्या अगदी जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांबच लांब.

"ही काय कक्षा आहे? हे तर अंडं!"

"कुणाचं?"

"चंद्राचं."

"चंद्र अंडी घालतो?"

"तू हलू नकोस."

त्यांनी उजवं टोक कापलं, पण डोळे अंड्यावरच. शेवटी राहवेना. पलीकडची बाजू तेवढी थोडीशी आत घेऊ, असं त्यांनी ठरवलं. उतरताना इंधनही वाचेल, लेक खूश होईल. इकडे जवळच्या बाजूला ब्रेक मारला की पलीकडची बाजू खाली येते, हे तिनंच शिकवलेलं. आता, जवळची बाजू वर उचलूनही दोन्ही सारख्या करता आल्या असत्या. पण सलूनवाल्याच्या हाताला वाढवणं कुठून माहीत असणार? त्यानं जन्मभर जे सारखं केलं ते कापूनच.

त्यांनी ब्रेक मारला. पलीकडची बाजू खाली आली ती जरा जास्तच. आरशात बघतात तर मिशीची उजवी बाजूही जरा जास्तच गेलेली. मग मिशी डावीकडून घेतली. वेळ पळवायचं बटण दाबून यान पलीकडे नेलं आणि तिथं ब्रेक मारला. तेवढ्यात मिशीची उजवी लांब दिसली.

"भाऊजी, ओठाला गार लागतंय."

"पंखा आहे."

"पंखा बंद आहे."

"मग वारा असेल. हलू नकोस रे!"

असं करत करत कक्षा एकदाची गोल झाली. अगदी बांगडी! लेव्हलरावांचे डोळे भरून आले. मिशीचा इवलासा ठिपका उरला होता, त्यावर वस्तरा टेकवून ते म्हणाले, "बघ, कशी सारखी झाली!"

"भाऊजी, समोरून काहीतरी काळं येतंय."

"डोंगर आहे. तो खालून जातो."

"मला तर वरून जाताना दिसतोय."

पडद्यावर यानाचे तुकडे उडाले. लेव्हलरावांचा हात दचकला आणि वस्तऱ्यानं उरलेलं काम उरकून टाकलं. मेहुण्यानं आरशात पाहिलं.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

आवाज ऐकून बायको मागच्या घरातून धावत आली. तिनं भावाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "अहो, काय केलंत हे?"

"सारखं केलं," लेव्हलराव पुटपुटले.

मुलगी परत आली तेव्हा तिचा बाप कोपऱ्यातल्या स्टुलावर टॉवेलची घडी घालत बसला होता. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

"तुझी सगळी सुट्टी मी फुकट घालवली गं," ते म्हणाले.

"बाबा, ती कक्षा मी मुद्दाम वाकडी ठेवली होती. मैदानावरून जवळून, डोंगरांवरून लांबून. वाकडी होती म्हणून सुरक्षित होती." तिनं दोन बटणं दाबली. पडद्यावर यान धडधाकट फिरायला लागलं. "जाताना खेळाची कॉपी करून ठेवली होती. म्हटलं ना, मी तुला ओळखते."

लेव्हलरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. (भांग जरा डावीकडे होता. त्या दिवशी काही बोलले नाहीत.)

"माझी कॉपी?" मेहुण्यानं विचारलं.

लेव्हलरावांनी पुन्हा टॉवेलची घडी घालायला घेतली.

"ताई, या घरात सगळं सारखं लागतं ना? मग बसव यांना खुर्चीत."

बायकोनं नवऱ्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आणि काय घट्ट बांधलं! मेहुण्यानं फेस लावला आणि लेव्हलरावांच्या मिशीची डावी बाजू साफ केली. लेव्हलराव डोळे मिटून उजवीची वाट बघत राहिले. मेहुण्यानं वस्तरा पुसला.

"झालं."

"अरे, आणि उजवी?"

"राहू दे, भाऊजी. वाकडं असलं की सुरक्षित असतं. भाचीच म्हणाली आत्ता."

लेव्हलराव कात्रीकडे झेपावले, पण बायकोनं सगळी हत्यारं कपाटात टाकून किल्ली फिरवली होती. तेवढ्यात लॅपटॉप घेऊन घरात गेलेल्या लेकीची दारातून हाक आली.

"बाबा, मैत्रिणी आल्या! लवकर ये. यान तूच उतरवायचंस!"

लेकीनं एवढ्या प्रेमानं बोलावल्यावर जाणार नाहीत कसे? गेले. यान चंद्रावर अगदी फूटपट्टी लावल्यासारखं सरळ उतरलं म्हणतात. मैत्रिणींपैकी यानाकडे कुणीच बघत नव्हतं.